नव्वद फुटांतला आळस, नव्वद फुटांतली घाई
वाचकांचे प्रश्न : बेसबॉल

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलच्या अंतिम मालिकेचे, शेवटचे दोन सामने टोरांटोत झाले आणि दोन्हींच्या नवव्या इनिंगमध्ये बेसवरच्या धावण्यानं घात केला. तेव्हापासून आलेल्या पत्रांत हाच विषय वरचढ आहे, म्हणून या वेळचं सदर फक्त धावण्यावर. क्रिकेटच्या सवयीनं बेसबॉल पाहणाऱ्यांचे प्रश्न आधी घेतले आहेत, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न : चेंडू थेट क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला की क्रिकेटमध्ये फलंदाज जागचा हलत नाही. बेसबॉलमध्ये आउट समोर दिसत असतानाही बॅटरनं जीव तोडून का धावायचं? (पुणे)

कारण समोरच्याला ‘नाही’ म्हणून परत पाठवायची सोय इथं नाही. चेंडू मैदानाच्या आत राहिला की बॅटरला पहिल्या बेसकडे जावंच लागतं. मग त्याच्या हातात एकच गोष्ट उरते : फील्डरला किती वेळ द्यायचा.

बॅटर उभा असतो ती होम प्लेट; तिथून तीन बेस शिवून परत आलं की एक धाव. होम प्लेट ते पहिला बेस ९० फूट. मेजर लीगचा सरासरी उजवा बॅटर हे अंतर साधारण ४.३ सेकंदांत कापतो, डावा ४.२ मध्ये. डावा मुळात पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो आणि बॅट फिरवल्यावर त्याचं वजन आपोआप तिकडेच जातं. तोच खेळाडू मान खाली घालून रमतगमत निघाला की पाच सेकंदांच्या वर जातो. तेवढ्या फरकात शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फील्डर) हातातून निसटलेला चेंडू पुन्हा उचलून फेकता येतो. आउट व्हायला चेंडू अडवणं, ग्लोव्हमधून हातात घेणं, नेमका फेकणं, आणि फर्स्ट बेसमननं बेसवर पाय ठेवून तो पकडणं, या सगळ्या कड्या जुळाव्या लागतात. एक ढिली पडली की धावणारा वाचतो, पण तो धावत असेल तरच.

याचा सगळ्यात महागडा दाखला ३० ऑक्टोबर २०२४ चा. यांकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीजचा पाचवा सामना, न्यूयॉर्क यांकीज लॉस एंजलिस डॉजर्सविरुद्ध ५-० नं पुढे. पाचव्या इनिंगमध्ये ॲरन जजच्या हातून सोपा झेल सुटला, अँथनी व्होल्पीचा तिसऱ्या बेसकडचा थ्रो टप्पा पडून चुकला, बेस भरले. तरी पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोलनं पुढच्या दोघांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं. दोन आउट झाले (तिसऱ्यावर इनिंग संपते) आणि डॉजर्सच्या मुकी बेट्सनं फर्स्ट बेसमन अँथनी रिझोकडे फिरकी घेतलेला एक मऊ ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका, मारला. अशा चेंडूवर पिचरनं धावत जाऊन पहिला बेस झाकायचा, हे शाळकरी पोरांनाही शिकवलेलं असतं. कोल काही पावलं जाऊन थांबला आणि रिझोकडे बोट दाखवत राहिला. बेसवर कुणीच नाही. बेट्स मात्र पहिल्या पावलापासून सुसाट होता. तो पोचला, तिसऱ्या बेसवरची धाव मोजली गेली, इनिंग जिवंत राहिली. मग फ्रेडी फ्रीमन आणि टेऑस्कर हर्नांडेझ यांनी दोन-दोन धावा आणल्या, ५-५. डॉजर्स ७-६ नं जिंकले आणि सिरीज तिथंच संपली. चर्चा कोलची झाली, ते ठीकच. पण बेट्स ‘गेला हा’ असं धरून सावकाश गेला असता, तर रिझोनं स्वतःच जाऊन बेसला पाय लावला असता आणि कोलची चूक कुणाच्या लक्षातही राहिली नसती.

प्रश्न : कधी नुसता बेसला पाय लावला तरी आउट, कधी धावणाऱ्याला चेंडू लावावा लागतो. हे कसं ओळखायचं? (नाशिक)

धावणाऱ्याच्या पाठीमागून कुणी ढकलतंय का, ते पाहा. एका बेसवर दोघं राहू शकत नाहीत. बॅटर पहिल्या बेसकडे निघाला की तिथं उभ्या असलेल्याला दुसऱ्याकडे निघणं भाग पडतं. अशा सक्तीनं निघालेल्याला बाद करायला पुढच्या बेसवर चेंडू आधी पोचला की पुरे. हा फोर्स आउट. मागून सक्ती नसेल तर धावणारा परतही जाऊ शकतो, म्हणून चेंडू असलेल्या हातानं किंवा ग्लोव्हनं त्याला शिवावं लागतं. बॅटरवर पहिल्या बेसपर्यंत सक्ती कायम असते.

हे व्यवसायिक खेळाडूही विसरतात. २७ मे २०२१, पिट्सबर्ग. दोन आउट, शिकागो कब्जचा हावियेर बाएझ ग्राउंडर मारून निघाला. थ्रो जरा वाकडा आल्यानं फर्स्ट बेसमन विल क्रेग बेस सोडून होमच्या बाजूला आला. चेंडू त्याच्या हातात. मागे वळून बेसला पाय लावला की इनिंग संपत होती. पण बाएझ थांबला आणि उलटा होम प्लेटकडे पळू लागला. क्रेग त्याला शिवायला मागे धावला. तेवढ्यात दुसऱ्या बेसवरचा विल्सन कॉन्ट्रेरास होमपर्यंत आला, क्रेगनं घाबरून चेंडू होममागच्या कॅचरकडे टाकला, कॉन्ट्रेरास घसरत सुखरूप. बाएझ तिथून वळून पहिल्या बेसकडे सुटला, तिथला थ्रो चुकला आणि स्वारी थेट दुसऱ्या बेसवर. बाएझ पहिल्या बेसवर आउट झाला असता तर कॉन्ट्रेरासची धावही मोजली गेली नसती, कारण तिसरा आउट बॅटरचा पहिल्या बेसआधी झाला की त्या चेंडूवरच्या धावा बाद.

प्रश्न : आमच्याकडे मुली सॉफ्टबॉल खेळतात. बेसबॉलच्या सामन्यात धावणारे चेंडू टाकायच्या आधीच बेस सोडून उभे असतात. किती पुढे जायचं याचा काही हिशेब असतो का? (जळगाव)

असतो, आणि तो सेकंदांत मांडतात. सॉफ्टबॉलमध्ये बेसमधलं अंतर ६० फूट आणि चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडता येत नाही. बेसबॉलमध्ये ९० फूट, पण आधीच पुढे सरकायची मुभा. या पुढे सरकण्याला लीड म्हणतात.

दुसरा बेस चोरायचा असेल, म्हणजे फटका नसताना पिचर चेंडू टाकत असतानाच धावून गाठायचा असेल, तर गणित असं. पिचरच्या पहिल्या हालचालीपासून चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत साधारण १.३ सेकंद. कॅचरच्या ग्लोव्हपासून दुसऱ्या बेसवरच्या ग्लोव्हपर्यंत सुमारे २ सेकंद. बेरीज ३.३, वर टॅग लावायला, म्हणजे धावणाऱ्याला चेंडू शिवायला, अगदी थोडा वेळ. बारा फुटांच्या आसपास लीड घेऊन चांगला धावणारा ३.४ च्या आसपास पोचतो. पिचरला १.५ सेकंद लागत असतील तर चोरी जवळपास फुकट, तो १.२ वर असेल आणि कॅचर चपळ असेल तर गप्प बसावं. म्हणून पहिल्या बेसच्या कोचच्या हातात स्टॉपवॉच असतं.

लीड मोजायची साधी चाचणी : जिथं उभे आहात तिथून एक आडवं पाऊल टाकून सूर मारला, तर उजवा हात बेसला लागला पाहिजे. हात बेसच्या मागच्या, आउटफिल्डकडच्या कोपऱ्याला लावायचा आणि तोंड थ्रोपासून फिरवायचं. मग पिचरचे पाय वाचायचे. उजव्या हाताच्या पिचरची पुढची, म्हणजे डावी टाच आधी उचलली गेली तर तो होमकडे टाकणार; उजवी टाच आधी हलली तर तुमच्याकडे. डावखुरा पिचर तुमच्याकडे तोंड करूनच उभा असतो, म्हणून अवघड. त्याचा उचललेला पाय रबरच्या (पिचरच्या पायाखालची पट्टी) मागच्या कडेपलीकडे गेला की त्याला पहिल्या बेसकडे फेकता येत नाही. तोवर दम धरायचा.

लीडमधून काय मिळणार, हाही हिशेबच आहे. २०१३ च्या वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात सेंट लुइस कार्डिनल्स २-४ नं मागे होते. नववी इनिंग, दोन आउट, पहिल्या बेसवर बदली धावणारा कोल्टन वाँग, समोर कार्लोस बेल्ट्रान बॅटिंगला. वाँगच्या धावेनं बरोबरीसुद्धा होत नव्हती. बेल्ट्रानला बॅट फिरवू देणं एवढंच काम होतं. समोरचा पिचर कोजी उएहारानं पहिल्या बेसकडे चेंडू टाकला, परतताना वाँगचा पाय घसरला आणि सामना खलास. वर्ल्ड सिरीजचा सामना पिकऑफवर, म्हणजे बेस सोडलेल्याला पिचरनं असं टिपण्यावर, संपण्याची ती पहिलीच वेळ. पाय कुणाचाही घसरतो. पण दोन पावलं कमी घेतली असती तर घसरूनही तो पोचला असता.

प्रश्न : हल्ली बेसचोऱ्या एवढ्या वाढल्या कशा? आणि धावणाऱ्याच्या हातात तो ओव्हनमधून भांडं काढायचा मोजा कशाला? (ठाणे)

२०२३ मध्ये नियम बदलले. बेस १५ इंचांऐवजी १८ इंच चौरस झाले, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या बेसमधलं अंतर साडेचार इंचांनी घटलं. त्याहून मोठा बदल पिचरवरच्या बंधनाचा : एका बॅटरसमोर तो दोनदाच धावणाऱ्याकडे चेंडू फेकू शकतो किंवा रबरवरून पाय काढू शकतो. तिसऱ्यांदा केलं आणि धावणारा बाद झाला नाही, तर बॉक, म्हणजे धावणाऱ्याला पुढचा बेस बक्षीस. दोन वेळा संपल्या की धावणारा एकदम लांब सरकतो. २०२२ मध्ये २,४८६ चोऱ्या झाल्या होत्या, २०२३ मध्ये ३,५०३.

मोजा बोटांसाठी. हात पुढे करून सूर मारताना बोटं बेसवर आदळून किंवा फील्डरच्या बुटाखाली सापडून मोडतात. आतल्या कडक पट्ट्या ती सरळ धरून ठेवतात.

प्रश्न : सहाव्या सामन्यात ॲडिसन बार्गर पुढे धावला म्हणून आउट, सातव्यात कायनर-फलेफा बेसला चिकटून राहिला म्हणून आउट. मग करायचं तरी काय? (मिसिसॉगा, कॅनडा)

तुमची तक्रार रास्त आहे, पण दोन्ही प्रसंग एका मापानं मोजता येत नाहीत.

२०२५ च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना, ३१ ऑक्टोबर. डॉजर्स ३-१ नं पुढे, नववी इनिंग. टोरांटो ब्लू जेजचे धावणारे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, एक आउट. दुसऱ्या बेसवरचा बार्गर म्हणजे बरोबरीची धाव. आंद्रेस हिमेनेझनं लेफ्ट फील्डकडे लाइन ड्राइव्ह, म्हणजे कमी उंचीनं हवेतून सरळ जाणारा फटका, मारला. किके हर्नांडेझ पुढे धावत आला, झेल घेतला आणि त्याच दमात चेंडू दुसऱ्या बेसकडे फेकला. बार्गर परत पोचायच्या आत डबल प्ले (एका चेंडूवर दोन आउट), सामना संपला. लाइन ड्राइव्हचा धडा जुनाच आहे : चेंडू जमिनीला लागलेला किंवा फील्डरच्या पलीकडे गेलेला दिसेपर्यंत जागेवर गोठायचं, पहिलं पाऊल टाकायचंच तर मागे. चेंडू खाली पडला असता आणि बार्गर उशिरा निघाला असता, तर फार तर तो तिसऱ्या बेसवर थांबला असता. तेवढा तोटा परवडणारा होता.

दुसऱ्या रात्री सातवा सामना. नववी इनिंग, ४-४, एक आउट, बेस भरलेले. तिसऱ्या बेसवर बो बिशेटच्या जागी आलेला आयझाया कायनर-फलेफा. तो होमला पोचला की विजेतेपद. डॉल्टन व्हार्शोनं सेकंड बेसमन मिगेल रोहासकडे ग्राउंडर मारला. रोहासचा तोल गेला, तरी त्यानं सावरून होमकडे फेकला. कॅचर विल स्मिथचा पाय प्लेटवर होता, कायनर-फलेफा काही इंचांनी आउट. रिप्लेनंतरही निर्णय कायम. अकराव्या इनिंगमध्ये स्मिथनंच होम रन मारला आणि डॉजर्स ५-४ नं जिंकले.

कायनर-फलेफाची लीड फारच आखूड होती. आदल्या रात्रीचं दूध पोळलं होतं, आता ताकही फुंकून पिणं चाललं होतं. लाइन ड्राइव्हवर तिसऱ्या बेसवर पकडला जाण्याची धास्ती खरी आहे, पण तिच्यासाठी लीड कापायची नसते. मेजर लीगमध्ये पूर्ण वेगातला सरासरी धावणारा सेकंदाला २७ फूट जातो; म्हणजे एक फूट म्हणजे सेकंदाचे जेमतेम चार शतांश. लीडमध्ये तीन-चार फूट जास्त असते तर काही इंचांचा प्रश्न उरलाच नसता. शिवाय बेस भरलेले असताना हा फोर्स आउट होता, स्मिथला टॅगसुद्धा लावायचा नव्हता. अशा वेळी ग्राउंडरसाठी जागा जास्त लागते, कमी नाही.

तिसऱ्या बेसवर करायचं ते असं. चेंडू सुटण्याआधी थर्ड बेसमन बेसपासून जितका दूर, साधारण तितकं आपण पुढे. पिचर टाकायला लागला की फाउल रेषेच्या बाहेरून होमच्या दिशेनं दोन-तीन पावलं चालायचं. बाहेरून अशासाठी, की बॅटरनं मारलेला चेंडू रेषेच्या आत, फेअर भागात, अंगाला लागला तर आपण आउट. चेंडू प्लेटवर येतो त्या क्षणी उजवा पाय जमिनीवर पडला पाहिजे. ग्राउंडर दिसला की वजन आधीच पुढे असतं; हवेत चेंडू दिसला किंवा बॅट हुकली की त्याच पायावर वळून मागे, आणि परतताना रेषेच्या आतून, म्हणजे कॅचरच्या थ्रोच्या वाटेत आपली पाठ येते. पुढेही जाता येतं आणि मागेही. बेसला चिकटून उभा राहिलेला फक्त मागेच जाऊ शकतो.

प्रश्न : ‘पहिला किंवा तिसरा आउट तिसऱ्या बेसवर करू नका’ असं समालोचक सारखं म्हणतात. यात तथ्य किती? (कोल्हापूर)

बऱ्यापैकी आहे, आणि आकड्यांत दिसतं. २०१० ते २०१५ च्या मेजर लीग सामन्यांची सरासरी घेतली तर एकटा धावणारा दुसऱ्या बेसवर आणि दोन आउट असताना त्या इनिंगमध्ये पुढे सुमारे ०.३२ धावा होतात. तोच तिसऱ्या बेसवर असेल तर ०.३५. तीन शतांश कमावण्यासाठी ३२ शतांश पणाला. दहापैकी नऊ वेळा यश मिळालं तर बरोबरी. शून्य आउट असताना १.१० चे १.३५ होतात, आउट झालात तर ०.२५ वर घसरता. इथं साधारण ७७ टक्के यश हवं. एक आउट असताना मात्र दोनतृतीयांश यशही पुरतं, कारण तिसऱ्या बेसवरून साध्या उंच झेलावरही धाव येते. म्हणून धाडस करायचंच तर एक आउट असताना.

हाच हिशेब दुसरा बेस चोरताना लावला तर शून्य आउटवर ७२ टक्क्यांच्या आसपास येतो. शोहेई ओतानीनं २०२४ मध्ये ६३ पैकी ५९ चोऱ्या यशस्वी केल्या, तेव्हा त्याला कुणी अडवण्याचं कारण नव्हतं. दहात तीनहून जास्त वेळा पकडला जाणारा खेळाडू कितीही जीव तोडून धावत असला तरी तो संघाचं नुकसानच करतो.

प्रश्न : होम रन मारल्यावर बेस शिवत फिरणं हा निव्वळ उपचार आहे ना? (सातारा)

तेव्हा पिट्सबर्गकडून खेळणाऱ्या के’ब्रायन हेजला विचारा. ८ जून २०२१ ला डॉजर्सविरुद्ध त्यानं चेंडू कुंपणापलीकडे घातला, पण चेंडूकडे बघत पळताना पहिला बेस शिवायचा राहिला. डॉजर्सनी रिप्ले मागितला. होम रन रद्द, वर आउट.

त्याहून वाईट १९०८ मध्ये झालं. २३ सप्टेंबर, न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध कब्ज, १-१, दोन आउट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर धावणारे. अल ब्रिडवेलनं चेंडू आउटफिल्डकडे मारला, तिसऱ्यावरचा होमला आला, प्रेक्षक मैदानात घुसले. पहिल्या बेसवरचा १९ वर्षांचा फ्रेड मर्कल दुसरा बेस न शिवताच वळला. कब्जच्या जॉनी एव्हर्सनं चेंडू मिळवून दुसऱ्या बेसवर पाय ठेवला : फोर्स आउट, धाव रद्द, सामना बरोबरीत. तो पुन्हा खेळवावा लागला, कब्ज जिंकले आणि एका सामन्याच्या फरकानं लीगचं विजेतेपद घेऊन गेले. सामना जिंकून देणारा फटका बसला तरी सक्तीत असलेल्या प्रत्येकानं आपला बेस शिवायचा, मग नाचायचं.

प्रश्न : पहिल्या बेसवर सूर मारला तर लवकर पोचता येतं का? खो-खोत तर फायदा होतो. (सांगली)

नाही. खो-खोत सूर मारून हाताचा पल्ला वाढतो आणि समोरचा निसटणार असतो. पहिला बेस जागचा हलत नाही आणि तो ओलांडून पुढे पळत जायची परवानगी आहे, म्हणून वेग कमी करायचं कारणच नाही. फर्स्ट बेसमन थ्रोसाठी बेस सोडून वाटेत आला आणि टॅग चुकवायचा असेल तेवढाच अपवाद.

प्रश्न : मुलगा लिटल लीगमधून मोठ्या मैदानावर जातोय. धावताना सगळ्यात जास्त कुठे चुकेल? (एडिसन, न्यू जर्सी)

चेंडूकडे बघत धावण्यात. लिटल लीगच्या ६० फुटी मैदानावर चेंडू बॅटरपर्यंत पोचल्याशिवाय बेस सोडता येत नाही, त्यामुळे मुलं उभी राहून बघायला शिकतात. मोठ्या मैदानावर बघत धावलं की एक-दोन पावलं हमखास जातात. फटका मारल्यावर तिसऱ्या-चौथ्या पावलाला एकदाच मान वळवून चेंडू कुठे गेला ते पाहायचं. इनफिल्डमध्ये असेल तर बेसच्या पुढच्या कडेवर पाय ठेवून सरळ आरपार, शेवटच्या पावलाला उडी नाही. ओलांडल्यावर उजव्या खांद्यावरून मागे पाहायचं, थ्रो चुकलाय का ते कळतं. चेंडू आउटफिल्डमध्ये गेला असेल तर बेसच्या १५-२० फूट आधी बाहेरून वळण घ्यायला लागायचं आणि बेसच्या आतल्या कोपऱ्याला पाय लावून दुसऱ्याच्या रेषेत यायचं.

दुसरी चूक उंच झेलावर. धावणाऱ्यानं झेल पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. फील्डरच्या ग्लोव्हला चेंडू पहिल्यांदा लागला की निघता येतं, मग तो हातात उडत राहिला तरी. तिसरी चूक उशिरा घसरण्याची. मुलं बेसजवळ येऊन एकदम बसतात आणि घोटा अडकतो. आठ-दहा फूट आधी एक पाय दुमडून त्यावर बसायचं, दुसरा सरळ, मुठी बंद, हात वर. घरी गवतावर जुनं पुठ्ठं ओलं करून, बूट काढून हे पंचवीस वेळा करून घ्या. मैदानावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.